नऊ सर्व्हर आणि एकच रात्र: फुल बॅकअपच्या पंगती कशा बसवायच्या

रविवारी रात्री ११ वाजून ५ मिनिटांनी आमच्या नऊच्या नऊ सर्व्हरचा फुल बॅकअप (सगळ्या फाइलींची पूर्ण प्रत) एकदम सुरू झाला. तो संपला मंगळवारी पहाटे तीनच्या सुमारास. मधला अख्खा सोमवार मी फोनवर होतो. अकाउंट्समधल्या मॅडम दर अर्ध्या तासाने विचारत होत्या, "ईआरपी उघडत नाहीये, सर्व्हर बंद आहे का?" ईआरपीचा, म्हणजे आमच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा, सर्व्हर चालू होता. फक्त त्याची डिस्क बॅकअप वाचण्यात इतकी गुंतली होती की इतर कुणाकडे बघायला तिला फुरसत नव्हती.

चूक माझीच. बॅक्युला या बॅकअपच्या सॉफ्टवेअरबरोबर येणारं नमुन्याचं शेड्यूल मी जसंच्या तसं उचललं होतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी २३:०५ ला फुल, दुसऱ्या ते पाचव्या रविवारी डिफरन्शियल (फुलनंतर बदललेलं तेवढं), सोमवार ते शनिवार इन्क्रिमेंटल (आधीच्या बॅकअपनंतर बदललेलं तेवढं). एका सर्व्हरला हे झकास चालतं. नऊ सर्व्हरना तेच लावलं की कार्यालयात पन्नास पानांची जागा असताना पाचशे माणसं एकदम बसवल्यासारखं होतं. भात कुणालाच वेळेवर मिळत नाही आणि वाढप्यांचा मात्र जीव जातो. अशा वेळी आपण पंगती करतो. बॅकअपच्याही पंगतीच कराव्या लागतात.

खाली लिहिलंय ते बॅक्युला वापरणाऱ्यांसाठी. त्यातूनच निघालेल्या बॅरिऑसलाही बहुतेक सगळं लागू पडेल. तुम्ही क्रॉन (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारं) आणि आरसिंक (फाइली कॉपी करणारं) या साधनांवर काम भागवत असाल तरी वेळेचं गणित आणि खाचखळगे तेच आहेत. आज्ञांची आणि सेटिंगांची नावं मी देवनागरीत लिहिली आहेत, फाइलमध्ये टाइप करताना अर्थातच इंग्रजीत.

## १. बसण्याआधी हाताशी काय हवं

- सर्व्हरांची यादी: नाव, ऑपरेटिंग सिस्टिम, प्रत्यक्ष वापरलेली जागा, आणि त्यावर कोणतं पार्टिशन कुठे माउंट आहे. ही शेवटची गोष्ट लोक हमखास विसरतात.
- प्रत्येक सर्व्हरवरचे डेटाबेस, आणि त्यांचा डंप, म्हणजे फाइलीत उतरवलेली पूर्ण प्रत, घेण्याचे अधिकार असलेला युजर.
- ऑफिसचं कॅलेंडर: साप्ताहिक सुट्टी, शिफ्टच्या वेळा, पगाराची तारीख, जीएसटीच्या ११ आणि २० तारखा, वीज जाण्याचा ठरलेला वार.
- बॅकअप सर्व्हर: शक्यतो स्वतंत्र मशीन, कामाच्या सर्व्हरवरचंच व्हर्च्युअल मशीन नको.
- फायरवॉलमध्ये बॅक्युलासाठी ९१०१, ९१०२ आणि ९१०३ हे पोर्ट उघडे.
- सगळ्या मशीनची घड्याळं एनटीपीने (नेटवर्कवरून वेळ जुळवणाऱ्या सेवेने) जुळलेली.

बॅक्युलाचे भाग थोडक्यात. डिरेक्टर म्हणजे यजमान, कुणी कधी बसायचं ते तो ठरवतो. प्रत्येक सर्व्हरवर बसतो तो फाइल डिमन. डिस्कवर किंवा टेपवर लिहितो तो स्टोरेज डिमन. कोणती फाइल कुठल्या व्हॉल्यूममध्ये (बॅकअप लिहिलेल्या फाइलमध्ये किंवा टेपवर) आहे याची वही म्हणजे कॅटलॉग, आणि तो डेटाबेसमध्ये असतो. तुम्ही या सगळ्यांशी बोलता ते बीकन्सोलमधून.

## २. आधी वेग मोजा

गिगाबिट नेटवर्क म्हणजे सेकंदाला १२५ एमबी हे कागदावर. मोठ्या फाइल असतील तर प्रत्यक्षात ११० च्या आसपास मिळतात. पण लाखो छोट्या फाइल, जुन्या डिस्क आणि वर जीझिप कॉम्प्रेशन असं असलं की आकडा धाडकन खाली येतो. कॉम्प्रेशन बॅकअप सर्व्हरवर होत नाही, ते ज्याचा बॅकअप चाललाय त्याच सर्व्हरचा प्रोसेसर खातं, हेही लक्षात ठेवा. आमच्याकडे सरासरी सेकंदाला ४० एमबी पडली. तुमची काढायची तर एका मध्यम सर्व्हरचा फुल हाताने चालवा आणि जॉबच्या (बॅकअपच्या एका कामाच्या) अहवालात शेवटी येणारा रेट बघा.

मग साधा भागाकार. आमचा हिशोब असा होता:

- फाइल सर्व्हर १.८ टीबी: साडेबारा तास
- मेल सर्व्हर ९०० जीबी: सव्वासहा तास
- ड्रॉइंग आणि स्कॅनचा सर्व्हर ७०० जीबी: पाच तास
- ईआरपी २५० जीबी: पावणेदोन तास
- बाकी पाच किरकोळ सर्व्हर मिळून ३५० जीबी: अडीच तास

एकूण ४ टीबी, म्हणजे जवळजवळ अठ्ठावीस तास. रविवारी रात्री अकराला सुरू केलेलं काम मंगळवारी पहाटे तीनला संपलं यात आश्चर्य काहीच नव्हतं. हा भागाकार मी आधी केला असता तर तो सोमवार वाचला असता.

## ३. मोकळी रात्र कोणती, ते कंपनीला विचारा

नमुन्यात रविवार आहे म्हणून रविवारच धरू नका. आमचं ऑफिस भोसरी एमआयडीसीत आहे. इथे साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, रविवारी कारखाना पूर्ण जोरात. म्हणजे आमची मोकळी रात्र बुधवारची. पण गुरुवार हाच वीज दुरुस्तीचाही वार. सकाळी नऊ-दहाला वीज गेली की यूपीएसवर आमचा बॅकअप सर्व्हर चाळीस मिनिटं तग धरतो. त्यामुळे बॅकअपची खिडकी, म्हणजे मोकळी वेळ, ठरली ती बुधवारी रात्री साडेदहा ते गुरुवारी सकाळी साडेआठ. दहा तास.

त्यात साडेबारा तासांचा फाइल सर्व्हर बसत नाही. सुरुवातीला मी त्याला बुधवारी संध्याकाळी सहालाच सुरू करून पाहिलं, दुसऱ्या शिफ्टने आरडाओरडा केला. मग फाइल सर्व्हर उघडून नीट बघितला तेव्हा कळलं की १.८ पैकी सुमारे १ टीबी जुन्या वर्षांच्या फाइली आहेत. त्यांना वर्षभर कुणी हात लावत नाही. एकाच सर्व्हरचे दोन फाइलसेट (काय घ्यायचं त्याच्या याद्या) आणि दोन जॉब केले: चालू ८०० जीबी, साडेपाच तास, आणि जुनं १ टीबी, सात तास. मोठा सर्व्हर असेल तर हा इलाज सगळ्यात आधी करून बघा. वेगवान नेटवर्क कार्ड घेण्याआधी तर नक्कीच.

## ४. पंगती बसवा

प्रत्येक गटाचं वेगळं शेड्यूल लिहायचं. आमचं असं आहे:

- पहिला बुधवार: फाइल सर्व्हरचा चालू भाग
- दुसरा बुधवार: मेल
- तिसरा बुधवार: ड्रॉइंग आणि स्कॅन
- चौथा बुधवार: पाच किरकोळ सर्व्हर
- पाचवा बुधवार: फाइल सर्व्हरचा जुना भाग
- दर बुधवारी: ईआरपी

वर्षात चार किंवा पाच महिन्यांत पाच बुधवार येतात, म्हणजे जुन्या फाइलींचा फुल दोन-तीन महिन्यांनी एकदा होतो. त्यांना तेवढं पुरे. ज्या बुधवारी एखाद्याचा फुल नसतो त्या बुधवारी त्याचा डिफरन्शियल, आणि इतर रात्री इन्क्रिमेंटल. डिफरन्शियल म्हणजे शेवटच्या फुलनंतर बदललेलं सगळं. इन्क्रिमेंटल म्हणजे कोणत्याही प्रकारच्या शेवटच्या बॅकअपनंतर बदललेलं. मधे डिफरन्शियल ठेवला की रिस्टोअरच्या वेळी तीस इन्क्रिमेंटल जोडत बसावं लागत नाही. फुल, एक डिफरन्शियल आणि फार तर सहा इन्क्रिमेंटल एवढ्यात काम होतं.

दोन खड्डे इथेच आहेत.

पहिला पाचव्या आठवड्याचा. "दुसरा ते चौथा" असं लिहून मोकळे झालात तर पाचव्या बुधवारी त्या सर्व्हरचा काहीच बॅकअप होत नाही, आणि तसं कुणी सांगतही नाही. "दुसरा ते पाचवा" असंच लिहा.

दुसरा खड्डा मराठी माणसासाठीच खणून ठेवल्यासारखा आहे. आपण "बुधवारी रात्री साडेबाराला" असं सहज म्हणतो. संगणकाच्या लेखी तो गुरुवार ००:३०. बरं, गुरुवार लिहिला म्हणून प्रश्न सुटत नाही. महिन्याची १ तारीख गुरुवारी आली तर पहिल्या गुरुवारची ००:३० ही वेळ पहिल्या बुधवारच्या तब्बल सहा दिवस आधी येते, म्हणजे मागच्या महिन्याच्या शेवटच्या बुधवारच्या रात्रीतच. एक पंगत सरकून दुसरीवर बसते. म्हणून सुरुवातीची वेळ मध्यरात्र ओलांडून लिहायचीच नाही. ईआरपी २२:३० ला, बाकीचे २२:३५ ला, आणि स्टोरेजवर एका वेळी एकच जॉब. दुसरा आपोआप रांगेत थांबतो आणि त्याचा नंबर आला की सुरू होतो, मग भले पहाटेचे दोन वाजलेले असोत.

शेड्यूलमधली वेळ डिरेक्टरच्या मशीनची असते, क्लायंटची, म्हणजे ज्याचा बॅकअप घ्यायचा त्या सर्व्हरची, नाही. त्यामुळे एखादा सर्व्हर यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर) असला तरी बॅक्युलात गोंधळ होत नाही. क्रॉनवाल्यांचा मात्र होतो. आपली रविवारची पहाट दोनची वेळ यूटीसीत शनिवारी रात्री ८:३० असते, म्हणजे तासाबरोबर वारही बदलावा लागतो. क्रॉनमध्ये आणखी एक गंमत: महिन्याची तारीख आणि वार हे दोन्ही रकाने भरले तर दोन्ही जुळण्याची वाट तो बघत नाही, एक जुळला तरी चालवतो. "१ ते ७ तारीख आणि रविवार" असं लिहून पहिला रविवार मिळेल या आशेवर असाल तर १ ते ७ रोज आणि वर प्रत्येक रविवारी फुल चालेल.

## ५. एका वेळी किती जण

मॅक्सिमम कॉन्करंट जॉब्ज हे सेटिंग डिरेक्टर, स्टोरेज आणि क्लायंट अशा अनेक ठिकाणी असतं. नमुन्यात डिरेक्टरला २० दिलेलं असतं, आणि माझ्या त्या रविवारी सगळे एकदम उठले ते त्यामुळेच. एकच डिस्क संच असेल तर स्टोरेजला १ द्या. नऊ जणांनी एकाच वेळी लिहिलं तर प्रत्येकाचे तुकडे एकमेकांत मिसळतात, लिहिणं मंदावतं आणि पुढे रिस्टोअर करताना वाचणंही मंदावतं.

रांगेचा तोटा असा की एक जण पानावरून उठलाच नाही तर मागचे सगळे उपाशी. मॅक्स रन टाइम द्या. आमचं दहा तास आहे. शिवाय अलाऊ डुप्लिकेट जॉब्ज बंद करा, नाहीतर कालचा फुल रेंगाळलेला असताना त्याच सर्व्हरचा आजचा इन्क्रिमेंटल मागे येऊन उभा राहतो.

प्रायॉरिटीच्या नादी फार लागू नका. लहान आकडा म्हणजे आधी, मूळ किंमत १०, आणि वेगवेगळ्या प्रायॉरिटीचे जॉब सहसा एकत्र चालत नाहीत. कॅटलॉगच्या बॅकअपला ११ असते, कारण तो सगळ्यांच्या नंतर व्हायला हवा. ती तशीच राहू द्या.

## ६. न बोलावता येणारे फुल

शेड्यूल कितीही देखणं लिहा, बॅक्युला काही वेळा स्वतःच्या मनाने फुल घेतो. हे माहीत नसेल तर सगळी पंगत विस्कटते.

नवा सर्व्हर जोडला की त्याचा पहिला इन्क्रिमेंटल आपोआप फुल होतो, कारण आधीचा फुलच नसतो. लॉगमध्ये तशी ओळही येते. सोमवारी दुपारी चार नवे सर्व्हर जोडलेत तर सोमवारी रात्री चार फुल. रोज एकच जोडा.

फाइलसेट बदलला तरीही तेच. मी एका सोमवारी संध्याकाळी, निघता निघता, पाच किरकोळ सर्व्हरांच्या सामाईक फाइलसेटमध्ये तात्पुरत्या फाइली वगळण्याची एक ओळ घातली. एक ओळ! रात्री पाचही सर्व्हरांचे फुल झाले. बॅक्युलाचं बरोबरच होतं, यादी बदलली म्हणजे जुन्या फुलवर भरवसा ठेवता येत नाही. तेव्हापासून फाइलसेटला हात लावायचा तर त्या गटाच्या बुधवारी दुपारी, आधी नाही. इग्नोअर फाइलसेट चेंजेस नावाचं सेटिंग आहे, पण त्याने यादीत नव्याने घातलेल्या फोल्डरमधल्या जुन्या फाइली पुढच्या फुलपर्यंत राहूनच जातील.

दोन स्वयंचलित फुल मात्र मुद्दाम चालू करावेत. रीरन फेल्ड लेव्हल्स: बुधवारचा फुल पडला तर गुरुवारचा इन्क्रिमेंटल फुल होऊन बसतो. हे मुळात बंद असतं. बंदच ठेवलंत तर पडलेला फुल थेट पुढच्या महिन्यात होणार. दुसरं मॅक्स फुल इंटरव्हल: शेवटचा फुल ठरलेल्या दिवसांपेक्षा जुना झाला की पुढचा जॉब फुल होतो. दोन पहिल्या बुधवारांमध्ये २८ किंवा ३५ दिवस असतात, म्हणून मासिक गटांना मी ४० दिले आहेत. काही जण वेगळं शेड्यूल न लिहिता फक्त या एका सेटिंगवर फुल वाटून घेतात. चालतं, पण सगळे सर्व्हर एकाच दिवशी सुरू केले असतील तर सगळ्यांचे दिवसही एकदमच भरतात.

## ७. फाइलसेट: जे घेतलंच नाही ते परत येणार नाही

वेब सर्व्हरचा पहिला फुल अवघ्या ६ जीबीचा आला. शेवटी "बॅकअप ओके". मी खूश. दोन आठवड्यांनी सहज लॉग वर सरकवला तर त्यात एक ओळ होती: वार (/var) फोल्डर वेगळ्या फाइलसिस्टिमवर आहे, मी त्यात उतरणार नाही. वेबसाइटचा सगळा डेटा वारमध्येच होता.

वन एफएस हे सेटिंग मुळात चालू असतं. फाइलसेटमध्ये फक्त रूट (/) लिहिलं की रूटचंच पार्टिशन येतं, होम किंवा वार वेगळ्या पार्टिशनवर असतील तर ते बाहेर राहतात. म्हणून पहिल्या टप्प्यात माउंटची यादी मागितली होती. प्रत्येक पार्टिशन नावानिशी लिहा. वन एफएस बंद करून मोकळं व्हावंसं वाटेल, पण मग प्रॉक, सिस (यांत खऱ्या फाइली नसतात) आणि नेटवर्कवरून माउंट केलेले फोल्डरही आत ओढले जातात.

लिहून झालं की बीकन्सोलमध्ये एस्टिमेट चालवा, लेव्हल फुल आणि लिस्टिंग देऊन. एकही बाइट न हलवता किती फाइली आणि किती जीबी येतील ते दिसतं. तो आकडा पहिल्या टप्प्यातल्या यादीशी जुळला नाही तर पुढे जाऊ नका.

आणखी एक. अ‍ॅक्युरेट हे सेटिंग चालू नसेल तर इन्क्रिमेंटल फक्त फाइलींच्या वेळा बघतो. एखाद्याने जुनं अख्खं फोल्डर दुसरीकडून हलवून आणलं तर आतल्या फाइलींच्या वेळा जुन्याच राहतात आणि त्या पुढच्या फुलपर्यंत सुटतात. उलट, मधल्या काळात काढून टाकलेल्या फाइली रिस्टोअरमध्ये पुन्हा उगवतात. फाइल सर्व्हरला अ‍ॅक्युरेट लावाच. मेमरी थोडी जास्त खातो, खाऊ दे.

## ८. डेटाबेसचं वेगळं

चालत्या डेटाबेसच्या फाइली नुसत्या कॉपी करणं म्हणजे धावत्या माणसाचा पासपोर्ट फोटो काढणं. आधी डंप घ्या आणि डंपचा बॅकअप करा. पोस्टग्रेससाठी पीजी डंप, आणि युजर व रोलसाठी पीजी डंप ऑलचा ग्लोबल्स पर्याय वेगळा. मायएसक्यूएलमध्ये इनोडीबी टेबलं असतील तर सिंगल ट्रान्झॅक्शन पर्याय.

हा डंप क्रॉनमध्ये वेगळा ठेवू नका. सुरुवातीला आमचा दहाला सुरू होऊन सव्वादहाला संपायचा. डेटा वाढत गेला आणि एक दिवस तो पावणेअकरापर्यंत चालला. २२:३० चा बॅकअप अर्धाच डंप घेऊन गेला. जॉबमध्येच क्लायंट रन बिफोर जॉब वापरा, म्हणजे डंप संपल्याशिवाय बॅकअप सुरूच होत नाही, आणि डंप अपयशी ठरला तर जॉबही पडतो.

मात्र स्क्रिप्टने अपयश खरं सांगायला हवं. डंपचं आउटपुट पाइपने जीझिपला दिलंत तर बॅशला शेवटच्या आज्ञेचा, म्हणजे जीझिपचा निकाल दिसतो. डंप कोसळला तरी जीझिप रिकामी फाइल नीटनेटकी बांधून "यशस्वी" म्हणतो. स्क्रिप्टच्या सुरुवातीला पाइपफेल चालू करा.

याचं मोठं उदाहरण गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीचं. ३१ जानेवारी २०१७ ला एका इंजिनिअरकडून मुख्य डेटाबेसचा डेटा चुकून पुसला गेला, सुमारे ३०० जीबी. मग कळलं की रोजचे पीजी डंप होतच नव्हते, कारण डेटाबेस ९.६ आवृत्तीचा आणि डंपचं साधन ९.२ चं. अपयशाचे ईमेल निघत होते, पण पत्त्याच्या पडताळणीत अडकून नाकारले जात होते. सहा तास जुना एक स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) योगायोगाने हाताशी होता, त्यावर निभावलं. हे सगळं त्यांनी स्वतःच जगासमोर मांडलं, म्हणून आपल्याला शिकता येतं.

डंप दर रात्री नवी फाइल असते, म्हणून इन्क्रिमेंटलमध्येही ती पूर्ण जाते. जागेच्या हिशोबात ती रोज धरा.

## ९. किती दिवस ठेवायचं, आणि जागा

महिन्याला एक फुल म्हणून रिटेन्शन (ठेवायची मुदत) ३० दिवस, असं पटकन लिहिलं जातं. दोन फुलमध्ये ३५ दिवस असू शकतात. म्हणजे नवा फुल होण्याआधी जुन्याची मुदत संपते, त्यावर लिहायला परवानगी मिळते, आणि वरचे सगळे इन्क्रिमेंटल बिनबुडाचे होतात. एक फुल पडला असं धरा, तर दोन फुलमधलं अंतर ६३ दिवसांपर्यंत जातं. मी मासिक गटांना ७५ दिवस दिले आहेत. ईआरपीच्या साप्ताहिक फुलला ३५, जुन्या फाइलींना २००.

हिशोब: मासिक गट २७५० जीबी, ७५ दिवसांत तीन प्रती, सव्वाआठ टीबी. ईआरपीच्या सहा प्रती दीड टीबी. जुन्याच्या तीन प्रती ३ टीबी. कॉम्प्रेशन न धरता पावणेतेरा टीबी, वर रोजचे इन्क्रिमेंटल. माझ्या साहेबांनी "डेटा चार टीबी, मग डिस्क चार टीबीची" असा हिशोब धरला होता. हा परिच्छेद त्यांना दाखवायलाच लिहिलाय.

फुल, डिफरन्शियल आणि इन्क्रिमेंटल यांचे पूल (व्हॉल्यूमचे गट) वेगळे ठेवा आणि एका व्हॉल्यूममध्ये एकच जॉब. व्हॉल्यूमची मुदत शेवटच्या लिखाणापासून मोजली जाते, त्यामुळे सगळं एकाच व्हॉल्यूममध्ये ओतत राहिलात तर तो कधीच मोकळा होत नाही. पूलची मुदत नंतर बदललीत तर ती फक्त नव्या व्हॉल्यूमना लागते, जुन्यांना बीकन्सोलमधून अपडेट करावं लागतं. मुदत संपली म्हणून डिस्कवरची फाइल लगेच लहान होत नाही, हेही आधीच सांगून ठेवतो, नाहीतर रात्री बारा वाजता डिस्क भरल्याचा मेल आल्यावर तुम्ही मुदत कमी करत बसाल. क्लायंटचं फाइल रिटेन्शनही तपासा. ते संपलं की व्हॉल्यूम असूनही एकेक फाइल निवडून काढता येत नाही.

## १०. एक प्रत भिंतीबाहेर

तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी. ३-२-१ चा हा नियम रूढ केला पीटर क्रॉग या छायाचित्रकाराने. दुसरी जागा म्हणजे दुसरी इमारत. १० मार्च २०२१ ला स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळालं, तेव्हा ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता त्यांचं दोन्ही गेलं.

आमच्याकडे एन्क्रिप्ट केलेल्या डिस्कचे दोन संच आहेत. दर गुरुवारी एक आत येतो, दुसरा चिंचवडच्या ऑफिसला जातो. त्यावर कॅटलॉगचा डंप, बूटस्ट्रॅप फाइली (कोणता बॅकअप कुठल्या व्हॉल्यूममध्ये ते सांगणाऱ्या) आणि बॅक्युलाच्या सगळ्या कॉन्फिगरेशन फाइलीही असतात. कॅटलॉग नसेल तर बीस्कॅनने व्हॉल्यूम वाचून तो पुन्हा उभा करता येतो, पण कित्येक टीबी वाचायला लागणारा वेळ दुसऱ्या टप्प्यातल्या भागाकाराने तुम्हीच काढा. एन्क्रिप्शनची किल्ली त्याच डिस्कवर ठेवू नका. हसू नका, मी हे बघितलं आहे.

बॅकअप सर्व्हर ऑफिसच्या डोमेनमध्ये (सामाईक लॉगिन व्यवस्थेत) घेऊ नका आणि त्याचा पासवर्ड वेगळा ठेवा. रॅन्समवेअर शिरलं की सगळ्यात आधी बॅकअप शोधतं.

कंपनी नोंदणीकृत असेल तर हेही बघा: कंपनी लेखे नियमांतल्या ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीनुसार इलेक्ट्रॉनिक हिशोबवह्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज असायला हवा. तुमच्या बाबतीत नेमकं काय लागतं ते सीएला विचारा आणि ईआरपीचा जॉब त्याप्रमाणे लावा.

## ११. चालू करण्याचा दिवस आणि नंतरच्या सकाळी

डिरेक्टरला टी पर्याय देऊन कॉन्फिगरेशन तपासा, मग बीकन्सोलमध्ये रिलोड. त्यानंतर स्टेटस शेड्यूलमध्ये पुढच्या पस्तीस दिवसांची यादी काढा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभं राहून बोटाने जुळवा. अकरावी ओळ चुकीच्या वारी दिसली की आत्ताच दिसलेली बरी.

रोज सकाळी चहाआधी लिस्ट जॉब्ज. लेव्हलच्या रकान्यात एफ, डी किंवा आय. स्टेटसच्या रकान्यात टी म्हणजे नीट संपला, डब्ल्यू म्हणजे संपला पण काही सूचना आहेत, छोटा एफ म्हणजे पडला, ए म्हणजे रद्द केला. टी बघून थांबू नका, बाइट्सचा रकाना बघा. ९०० जीबीच्या मेलचा फुल ३१० जीबी आला असेल तर टी असूनही काहीतरी गडबड आहे. फक्त अपयशाचा मेल मागवू नका, यशाचाही मागवा. मेल आलाच नाही, तर तीच बातमी.

## १२. रिस्टोअरची तालीम

महिन्यातून एकदा, ज्या गटाचा फुल नुकताच झालाय त्यातला एक सर्व्हर. बीकन्सोलमध्ये रिस्टोअर, मेन्यूतला ५ वा पर्याय म्हणजे त्या क्लायंटचा सगळ्यात ताजा बॅकअप. बॅक्युला फुल, डिफरन्शियल आणि इन्क्रिमेंटल स्वतः जोडून यादी समोर ठेवतो. फाइली कुठे उतरवायच्या तो मार्ग तपासा. नमुन्यात तो टेंपच्या आत असतो, आणि टेंप बहुतेकदा रूट पार्टिशनवर. पहिल्या तालमीत मी २०० जीबी तिथे ओतायला निघालो होतो, रूट ४० जीबीचं. सर्व्हर गुदमरला आणि तालीम खरीखुरी झाली.

डेटाबेस असेल तर डंप दुसऱ्या मशीनवर चढवून बघा, आणि काल संध्याकाळचं शेवटचं बिल त्यात आहे का ते अकाउंट्सला विचारा. लागलेला वेळ वहीत लिहा. आमच्या वहीत मेलसमोर नऊ तास दहा मिनिटं असं लिहिलेलं आहे. बॅकअपला सव्वासहा लागतात म्हणून मी साहेबांना "दुपारपर्यंत मेल परत येईल" असं सांगून ठेवलं होतं. ते वाक्य आता "रात्रीपर्यंत" असं केलंय, आणि पुढच्या वर्षीच्या बजेटमध्ये डिस्कची ओळ घातली आहे.